वांड कोण? वऱ्हाडातल्या बालवाडीची एक हकिकत

वऱ्हाडात पाण्याची टंचाई पडते, पण पोराला नावं ठेवायच्या शब्दांची टंचाई कधी पडली नाही. वांड, द्वाड, बह्याड, आडदांड, चोरटं, जंगली. यातले पहिले शब्द कोणत्याही आळीतल्या पोराला लागतात. पाटलाचं पोट्टं वांड निघालं तर त्याची आजी ओट्यावर बसून कौतुकानं सांगते, 'लय वांड हाये आमचा.' शेवटचे दोन शब्द मात्र वस्ती पाहून लागतात. हे पुस्तकात नव्हतं, तरी आम्ही शाळेत शिकलो.

मी स्वतः वांडांच्या यादीत होतो. दुसरीत असताना मी पाटी आपटून फोडली. मास्तरांनी छडीचे वळ उठवले अन् कोपऱ्यात उभं केलं. पाटी काऊन फोडली, हे कोणी विचारलं नाही. शेजारच्या पोरानं माझ्या पाटीवर पाणी शिंपडून मग तिला हात लावला होता, एवढंच कारण होतं. मास्तर वाईट होते असं आज मी म्हणत नाही. त्यांना छडी दिलेली होती. पाटी फुटण्याच्या आधीचा क्षण पाहायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

त्या आधीच्या क्षणाबद्दल हा लेख आहे. तीन ते सहा वर्षांचं लेकरू चावतं, मारतं, पळून जातं, तोंड मिटून बसतं, तेव्हा त्याच्या बाईनं काय करावं? अन् त्या बाईला ते कोणी शिकवावं? प्रश्न बालमानसशास्त्राचा दिसतो. वऱ्हाडात तो इतिहासाचा आहे.

सुरुवात सरकारी कायद्यापासून करू. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस गुन्हा करतो म्हणून गुन्हेगार, हे सगळ्या जगाला कळतं. या कायद्यानं अख्खी जातच जन्मानं गुन्हेगार ठरवता येऊ लागली. १८९७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली अन् चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांना आईबापापासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवायची सोय सरकारनं करून घेतली. चार वर्षं! ज्या वयात पोराला शेंबूड पुसता येत नाही त्या वयात तो सरकारला धोकादायक वाटला. १९११ साली कायदा देशभर लागू करण्याची तरतूद झाली. आमच्या वऱ्हाडातला फासेपारधी या शिक्क्याखाली भरडला गेला. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, जिभेवरचा राहिला. आजही बेड्यावरचं पोट्टं वर्गात आलं की बाकीची मुलं आपापली कंपासपेटी जवळ ओढतात. मुलांना हे कोण शिकवतं? ज्यांना कोणी काही शिकवलं नाही तीच मोठी माणसं.

गावकुसाच्या आत येऊ दिलेल्या पोरांचं तरी काय वेगळं होतं? बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत अन् शिपाई नसला की तहानलेले राहत, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. तहानलेलं पोर धड्याकडे पाहील की माठाकडे? पण मास्तरांच्या नजरेत त्याचं एकच वर्णन होतं, लक्ष नाही.

आता जरा लांब जाऊ, कारण बालवाडीची गोष्ट तिथून वऱ्हाडापर्यंत येते. ६ जानेवारी १९०७ ला रोम शहरात सान लोरेन्झो नावाच्या गरीब मोहल्ल्यात मारिया मॉन्टेसरीनं पहिलं 'बालगृह' उघडलं. ते का उघडलं गेलं, हे आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावं. कामगारांसाठी इमारती दुरुस्त केल्या होत्या. आईबाप दिवसभर मजुरीला जात. मागं राहिलेली लहान पोरं जिने खराब करत, भिंती रंगवत. मालक मंडळींना भिंतींची काळजी पडली. पोरांना एका खोलीत गोळा करा, कोणी तरी सांभाळा, असा तो व्यवहार होता. म्हणजे जगभर गाजलेल्या बालशिक्षणाची सुरुवात मजुरांच्या वांड पोरांपासून झाली. शिकवायला पदवीधर शिक्षिका नव्हती. त्याच इमारतीच्या दरवानाची पोरगी कामाला लावली. मॉन्टेसरी येई, बसे, पोरांकडे पाही, अन् त्या पोरीला पुढं काय करायचं ते सांगे. आधी पाहणं, मग सांगणं. आज मॉन्टेसरी हा शब्द अकोल्या-अमरावतीत कोणाच्या शाळेच्या पाटीवर असतो अन् तिथली फी किती असते, ते सांगायची गरज नाही. मजुरांच्या पोरांसाठी निघालेली वाट मजुरांनाच बंद झाली.

महाराष्ट्रात ही वाट उघडणाऱ्या बाईचा अमरावतीशी संबंध होता. ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, १८९२ चा. नवरा अमरावतीचा वकील, म्हणून लग्नानंतरची काही वर्षं त्यांनी अमरावतीत काढली. संसार टिकला नाही. पदरात लहान मुलगी घेऊन बाई बाहेर पडली, राजकोटला नोकरी केली, अन् १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेली. गिजुभाई वकिली सोडून लहान मुलांत रमलेले. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती अन् बक्षीसही नव्हतं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाई वरच्या जातीतल्या, हे आम्ही विसरत नाही. पण त्यांनी पुढं जे केलं तेही विसरत नाही. पांढरपेशा मुलांच्या शाळेत नाव झाल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. अनुताईचं तेराव्या वर्षी लग्न झालं अन् काही महिन्यांत नवरा गेला. शिकून शिक्षिका झालेली ही बाई.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरिबांची पोरं येईनात. आली तर पळून जात. भुकेली, अंगावर मळ, नाक वाहतं, हातात काठी. शहरी बाईच्या हिशेबानं सगळीच वांड. यावर दोन रस्ते होते. पोरांना दोष देऊन बालवाडी बंद करायची, नाहीतर बालवाडी उचलून पोरांच्या अंगणात न्यायची. त्यांनी दुसरा रस्ता धरला. म्हणून 'अंगणवाडी' हे नाव. आधी आंघोळ, मग खाऊ, मग गाणं, मग शिक्षण. पुढं १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारल्यांची पोरं गुरं राखायला जात म्हणून वर्गात नसत. तर कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. पोरगं शाळेतून पळतं, असं हजेरीबुकात न लिहिता ते कुठं पळतं ते पाहिलं अन् तिथं शाळा नेली.

या सगळ्यात एक गोष्ट ठळक दिसते. अनुताईला ताराबाईंनी व्याख्यान देऊन सोडून दिलं नाही. दोघी एकाच अंगणात, त्याच शेंबड्या पोरांत, वर्षानुवर्षं बरोबर राहिल्या. एक करी, दुसरी पाही, संध्याकाळी बोलत. हल्ली इंग्रजीवाले याला कोचिंग म्हणतात. अकोल्यात कोचिंग म्हटलं की डॉक्टर-इंजिनिअर करणारे क्लास डोळ्यासमोर येतात, शे-दोनशे पोरं एका हॉलमध्ये कोंबलेली. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. बाईच्या शेजारी तिच्याच वर्गात बसून, तिचं काम पाहून, तिच्याशी बोलून तिला हुशार करणं, याला आपल्या भाषेत सोबत म्हणावं.

मग २ ऑक्टोबर १९७५ आला. सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली. महाराष्ट्रात दोन जागा निवडल्या. एक मुंबईची धारावी, दुसरी आमच्या अमरावती जिल्ह्यातली धारणी. मेळघाट. कोरकूंचा मुलूख. म्हणजे सरकारी अंगणवाडीचा महाराष्ट्रातला पहिला पाळणा वऱ्हाडात हलला. नाव बोर्डीचं घेतलं, अंगणवाडी. पण बोर्डीतली सोबत घ्यायची राहून गेली.

काय दिलं सेविकेला? मॅट्रिक नसेल तर महिना १०० रुपये, मॅट्रिक असेल तर १५०. मदतनीस बाईला ३५. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. त्या बदल्यात पोषण आहार, वजनं, लसीकरणाला मदत, गरोदर बायांची नोंद, घरभेटी, रजिस्टरं, अन् उरलेल्या वेळात शाळापूर्व शिक्षण. प्रशिक्षण सुरुवातीला काही महिन्यांचं, पुढं ते २६ दिवसांवर आलं. त्यात सगळे विषय. वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर एक मुख्यसेविका. ती आली की वजनाचा तक्ता पाहणार, तांदळाचा साठा पाहणार, सही करणार, पुढच्या गावाची एसटी धरणार. पोरात बसायला तिला फुरसत कुठून?

अन् धारणीत तर भाषाच वेगळी. घरात कोरकू, अंगणवाडीत मराठी. बाई म्हणते 'उभा राय', पोरगं बसून राहतं. बाई म्हणते 'बस', पोरगं दाराकडे पाहतं. नोंद काय होणार? ऐकत नाही. ऐकतं ते सगळं, पण त्याला जे ऐकू येतं ते त्याचं नसतं. शिवाय भूक. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला. रक्त कमी असलेलं लेकरू चिडचिडं होतं, लवकर थकतं, कशात मन लावत नाही, हे कोणताही डॉक्टर सांगेल. उपाशी लेकराच्या रडण्याला हट्ट म्हणणं सोपं असतं.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझी मोठी बहीण अकोला जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होती. तिच्याकडं बेड्यावरचा एक चार वर्षांचा मुलगा येई. तो चावायचा. आठवड्यातून दोन-तीन पोरांच्या दंडावर दात उमटलेले. आया भांडायला येत. 'त्या पारध्याच्या पोट्ट्याले काढा, नाईतं आमचे लेकरं धाडत नाई.' बहीण त्याला दाराबाहेर बसवी. ती मला म्हणाली, 'त्याच्या रक्तातच हाये रे.' मी गप्प राहिलो. आमची आई गावच्या विहिरीपासून दहा हात लांब उभी राहत असे, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून. तिची लेक हे बोलत होती.

त्या वर्षी नवी मुख्यसेविका आली. ती एक दिवस आली, दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. रजिस्टर मागितलं नाही. टाटपट्टीच्या एका टोकाला वही घेऊन बसली. वहीत तीन रेघा ओढून तीन खाने केले. आधी काय झालं. पोरानं काय केलं. मग आपण काय केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं ती वही बहिणीपुढं ठेवली अन् म्हणाली, 'ताई, तुम्हीच वाचा.'

बहिणीनं वाचलं. पोरगं सकाळी चावत नव्हतं. गाण्याच्या वेळी चावत नव्हतं. खिचडीची रांग लागली की चावत होतं. रांगेत ते सगळ्यात शेवटी, कारण पुढची पोरं त्याला जवळ उभं राहू देत नव्हती, अन् त्याला शेवटी उभं करायची सवय बाईलाही लागली होती. शेवटच्या ताटलीत कधी खिचडी येई, कधी खरवड. चावलं की बाई त्याला बाहेर बसवी. बाहेर रडून गोंधळ घाली म्हणून मदतनीस बाई त्याला आधी वाढून मोकळी होई. तिसऱ्या खान्यात हेच लिहिलेलं होतं. चार वर्षांच्या पोरानं हिशेब बरोबर केला होता. रांगेत उभं राहिलं तर खरवड, चावलं तर पहिली ताटली. शिकवलं कोणी? आपणच.

मुख्यसेविकेनं बहिणीला एकही शब्द टाकून बोलली नाही. दोघींनी मिळून ठरवलं. रांग बंद, गोल बसायचं. वाढायची सुरुवात रोज वेगळ्या पोरापासून. ताटल्या वाटायचं काम त्याच्याकडं, म्हणजे हाताला काम अन् सगळ्यांशी देवघेव. खिचडी यायच्या आधी त्याच्याजवळ जाऊन सांगायचं, 'आता जेवण येणार, तुझी ताटली तुलेच भेटणार.' चावलं तर आरडाओरडा नाही, ज्याला चावलं त्याला आधी जवळ घ्यायचं, अन् यानं हातानं खुणावून मागायला शिकायचं. तो शांत बसला असेल तेव्हा त्याच्याकडं पाहायचं, त्याचं नाव घ्यायचं. आजवर त्याचं नाव फक्त ओरडायसाठी घेतलं जात होतं.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दोनदा चावलाच. बहीण म्हणाली, 'कायले हे सोंग?' मुख्यसेविका पुन्हा आली, पुन्हा बसली. दोन महिन्यांनी चावणं जवळजवळ थांबलं. ज्या पोरांनी त्याला रांगेतून ढकललं होतं ती त्याच्या हातून ताटली घेऊ लागली. बहीण मला पुढं एकदा म्हणाली, 'म्या त्याले शेवटी उभं केलं, अन् मले लाज नाई वाटली.' प्रशिक्षणात तिला दिलेल्या चोपड्यांत हे वाक्य कुठंच नव्हतं. शेजारी कोणी बसलं म्हणून ते तिला सापडलं. वर्षभरात त्या मुख्यसेविकेची बदली झाली. नंतर आलेल्या बाई सही करून गेल्या.

कोणी म्हणेल, एका गावाची गोष्ट, तिच्यावरून काय ठरतं? तर बाहेरचा पुरावा पाहा. अमेरिकेत १९८० च्या आसपास ब्रूस जॉइस अन् बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास करून सांगितलं की शिबिरात ऐकलेलं वर्गात फारसं उतरत नाही. वर्गात सोबत मिळाली तर उतरतं. २००५ मध्ये येल विद्यापीठातल्या वॉल्टर गिलियमनं दाखवलं की तिथं बालवाडीतून काढून टाकलेल्या पोरांचं प्रमाण मोठ्या शाळांच्या तिपटीहून जास्त आहे, अन् काळ्या पोरांना काढायचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट. त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्या शिक्षिकेला सल्ला द्यायला जाणकार माणूस येत होता तिच्या वर्गातून पोरं कमी काढली जात होती. पुढं २०१६ मध्ये त्यांनी शिक्षिकांना लहान मुलांची चित्रफीत दाखवली अन् सांगितलं, खोडी दिसते का पाहा. चित्रफितीत खोडी नव्हतीच. शिक्षिकांचे डोळे मात्र काळ्या मुलावर जास्त वेळ खिळले. कंपासपेटी जवळ ओढणारी आपल्याकडची पोरं अन् ते डोळे, एकाच शाळेत शिकलेले.

त्याच काळ्या लोकांनी यावर एक उत्तरही दिलं होतं. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंड शहरात ब्लॅक पँथरनं शाळकरी लेकरांना सकाळची न्याहारी फुकट द्यायला सुरुवात केली. ज्यांचं नाव घेऊन १९७२ मध्ये आपल्याकडं दलित पँथर उभी राहिली, त्यांनी बंदुकीबरोबर ताटलीही हातात धरली होती. रिकाम्या पोटी लेकरू वर्गात कसं बसतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

आज कायदे आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १७ नं मारणं अन् मानसिक छळ दोन्ही बंद केले. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. दाराबाहेर बसवलेलं चार वर्षांचं पोर त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००४ अन् २००६ मध्ये सांगितलं की अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाडी आधी द्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा हे वय शिक्षणात धरलं. २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' आलं, त्यात सेविकांना तीन दिवसांचं प्रशिक्षण. तीन दिवस! माझ्या बहिणीच्या शेजारी ती मुख्यसेविका नुसतं पाहायलाच तीन दिवस बसली होती.

त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या अन् पुढच्या जानेवारीपर्यंत मागं हटल्या नाहीत. त्याआधी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता. या बायांत आपल्या वस्तीतल्या बाया किती आहेत ते ज्यानं त्यानं आपल्या गावात मोजावं. त्यांच्याकडून प्रेम, संयम, शास्त्र सगळं मागायचं अन् पैसे देताना मानधन म्हणायचं, ही जुनी बलुतेदारीच आहे. जिचा स्वतःचा अपमान रोज होतो तिला लेकराचा अपमान दिसावा कसा?

म्हणून मागणी साधी आहे. मुख्यसेविकेच्या हाताखालच्या अंगणवाड्या कमी करा. तिला महिन्यातून काही दिवस रजिस्टराविना, टाटपट्टीवर बसायला पाठवा. मेळघाटात कोरकू बोलणारी बाई द्या. सेविकेला पगार द्या. अन् आपल्या माणसांसाठी एक मागणी वेगळी. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत रांगेच्या शेवटी कोणाचं लेकरू उभं आहे, ते उद्या दुपारी खिचडीच्या वेळी जाऊन पाहा. गावानं आपल्याला शेवटी उभं केलं. आपण कोणाला केलं?

बहिणीकडचं ते पोरगं पुढं गावच्या शाळेत गेलं. तिसरीपर्यंत होतं, मग आईबापाबरोबर कामाला बाहेरगावी गेलं. नंतर त्याचं काय झालं, मला माहीत नाही. बहिणीजवळ ती तीन खान्यांची वही अजून आहे.